परतीची वाट अडते तेव्हा
पालघरच्या डोंगरात भटकंती करणाऱ्यांसाठी

पालघर जिल्ह्याला सागर आणि सह्याद्री या दोहोंचेही सान्निध्य लाभले आहे. पश्चिमेस केळवे, सातपाटी, तारापूर, डहाणू असा किनारा, तर पूर्वेस जव्हार व मोखाडा तालुक्यांचा डोंगराळ मुलूख. या दोहोंमधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई–अहमदाबाद महामार्ग उत्तर-दक्षिण धावतात. २०१३ साली उपनगरी गाड्या विरारहून पुढे डहाणू रोडपर्यंत जाऊ लागल्या आणि काळदुर्ग, अशेरी, तांदुळवाडी, कोहोज हे किल्ले शहरवासीयांच्या अधिकच जवळ आले. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील तरुण कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मुंबईकर पदयात्री सुटीच्या दिवशी पाठीवर सॅक टाकून या वाटांना लागतात.

ही आवड स्वागतार्ह आहे. मात्र डोंगरापर्यंत पोहोचणे सोपे झाले म्हणून तेथून परतणेही तितकेच सोपे झाले, असे नाही. गाडी रद्द होते, एस.टी. येत नाही, सकाळी पायाखालून वाहणारा ओढा दुपारी दुथडी भरतो. अशा वेळी प्रवास खंडित होतो, एवढेच. त्या खंडाचे संकटात रूपांतर बहुधा घाईमुळे होते. म्हणून वाट का अडते आणि अडल्यावर काय करावे, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

वाट का अडते?

पहिले कारण पावसाचे. १० जुलै २०१८ रोजी अतिवृष्टीमुळे नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी साचले, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच अडकल्या आणि प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले. परंतु व्यत्यय केवळ पावसाळ्यात येतो असे समजू नये. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकाजवळ मालगाडीचे डबे घसरले आणि मुंबई–सुरत मार्गावरील वाहतूक विस्कळीत झाली. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात कित्येक महिने ग्रामीण फेऱ्यांवर परिणाम झाला होता. तात्पर्य, कोणत्याही ऋतूत एकाच वाहनाच्या भरवशावर डोंगरात शिरणे योग्य नव्हे.

दुसरे कारण नद्या-ओढ्यांचे. सूर्या, पिंजाळ, देहर्जे आणि तानसा या वैतरणेच्या उपनद्या आहेत. त्यांना मिळणारे डोंगरी ओढे लांबीने लहान व उताराने तीव्र असतात आणि खालचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे माथ्यावर पडलेली सर अल्पावधीत पायथ्याशी पोहोचते. खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो, तो यामुळेच. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते, ते याच कारणाने. याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. असे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर, पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत, ओसरतात. थांबणाऱ्याला वाट पुन्हा मिळते. मोठ्या नद्यांची गोष्ट वेगळी. सूर्येवरील धामणी धरणातून विसर्ग सुरू असेल, तर पाऊस थांबूनही खालच्या पात्रातील पाणी लवकर उतरत नाही.

निघण्यापूर्वीचा हिशेब

चढाईचे नियोजन परतीपासून उलटे करावे. समजा, नाक्यावरून सायंकाळी ६ वाजता वाहन मिळणार आहे आणि माथ्यावरून नाक्यावर यायला दीड तास लागतो. त्यात वाट चुकणे, पाय मुरगळणे, पाऊस लागणे यांसाठी आणखी एक तास धरावा. म्हणजे साडेतीन वाजता, गडाचा माथा गाठलेला असो वा नसो, पाऊल माघारी वळलेच पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैत तो सव्वासातपर्यंत रेंगाळत असला, तरी ढगांमुळे दरीत अंधार लवकर दाटतो.

परतीच्या दोन वाटा ठाऊक असाव्यात. पश्चिम रेल्वे बंद असल्यास मनोरहून महामार्गाने ठाण्याकडे किंवा वाडा-भिवंडी मार्गे कल्याणकडे जाता येते. जव्हार भागात असलेल्यांना मोखाडा-त्र्यंबक मार्गे नाशिक, अथवा खोडाळ्याहून कसारा गाठता येतो. त्यासाठी थोडे जादा पैसे रोख बाळगावेत. पाड्यांवर मोबाइलवरून पैसे देण्याची सोय असेलच असे नाही.

मुक्कामाची शक्यताही आधी पारखून घ्यावी. पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला आणि वसईच्या मोहिमेच्या काळात (१७३७–३९) मराठ्यांनी जिंकलेला अशेरीगड घ्या. त्याच्या माथ्यावर प्रशस्त गुहा व पाण्याची टाकी आहेत. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतून चढायच्या काळदुर्गाच्या कातळमाथ्यावर असा निवारा नाही. पहिल्या ठिकाणी रात्र काढता येईल, दुसऱ्या ठिकाणाहून उजेडातच उतरले पाहिजे.

सॅकमध्ये विजेरी, शिट्टी, एका जादा वेळेचा कोरडा शिधा, पाणी, कोरडे कपडे आणि नेहमीची औषधे असावीत. कोठे जातो, कोणत्या वाटेने आणि केव्हा परतणार, हे घरी व पायथ्याच्या गावी सांगून जावे. पावसाळ्यात धबधब्यांच्या ठिकाणी जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते. त्याची चौकशी करूनच निघावे.

वाट अडल्यावर

प्रथम थांबावे. गट फुटू देऊ नये आणि ‘मी पुढे जाऊन पाहतो’ असे म्हणणाऱ्यास एकटे सोडू नये. वाहते पाणी ओलांडू नये, पुलावरून पाणी जात असल्यास वाहनातूनही नाही. ओढ्याच्या काठावर न बसता उंच, सुरक्षित जागी थांबावे. विजा चमकत असतील तर माथा, एकटे झाड व लोखंडी शिडी यांपासून दूर राहावे. अंधारात जवळची नवी वाट शोधण्यापेक्षा, आलेली वाट ओळखीची असेल तेथवर मागे फिरणे अथवा उजाडेपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

मोबाइलची बॅटरी जपावी. दरीत संपर्क तुटतो, तो बहुधा सुरक्षित धारेवर पुन्हा मिळतो. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि रेल्वेच्या चौकशीसाठी १३९ हे क्रमांक आहेत. निरोप थोडक्यात व नेमका असावा : ठिकाण, माणसे किती, कोणी जखमी आहे काय, आणि आपण येथून हलणार की थांबणार. आपण सुखरूप आहोत व उद्या येऊ, एवढे घरी वेळेवर कळले, तर रात्रभराचा अनाठायी शोध टळतो.

पाड्यावरील मुक्काम

या डोंगरातील वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी बांधवांना ओढ्यांचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ‘आज पाणी उतरणार नाही’ असे त्यांनी सांगितल्यास तो शब्द अखेरचा मानावा. मुक्काम करावा लागल्यास सरपंच वा पोलीस पाटील यांना कळवून शाळेच्या अथवा देवळाच्या ओसरीवर परवानगीने राहावे. पाहुणचार मिळेल. तथापि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचा हंडा दुरून डोक्यावर आणावा लागतो, याचा विसर पडू नये. आपला शिधा आपण काढावा, घेतलेल्याचे मोल द्यावे आणि कचरा परत न्यावा. दोराला धरून पुरात उतरण्याचा आग्रह तर गावकऱ्यांना कधीच करू नये. आपली चुकलेली गाडी दुसऱ्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

एक दिवसाची रजा वाढली, पाळी चुकली, तिकिटाचे पैसे बुडाले, तरी हे नुकसान भरून येणारे आहे. किल्ले शतकानुशतके उभे आहेत आणि पुढच्या रविवारीही तेथेच असणार आहेत. वेळेवर माघारी वळणारा आणि अडल्यावर शांतपणे थांबणारा पदयात्रीच या डोंगरांची वाट पुन्हा पुन्हा चालू शकतो.