रोनाल्डो ठाऊक, पण कोल्हापूरचा अनिकेत?

मागच्या रविवारी गावी होतो, कैनाडला. भात कापलेल्या शेतात पोरांची मॅच चाललेली, निम्म्या पाठींवर रोनाल्डो. मामाचा पोरगा नववीत आहे, फॉरवर्ड खेळतो. मधेच येऊन विचारतो, "दादा, आपल्याकडचा कुणी फॉरवर्ड इंडियाकडून खेळलाय का रे?"

खेळलाय ना. अनिकेत जाधव. जन्म 2000 चा, कोल्हापूरचा, वडील रिक्षा चालवायचे. आणि कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ... नावं कुस्तीच्या तालमींची, पण उतरतात फुटबॉलला. पेठेची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. आयपीएल नाही, लोकल लीग हां!

तिथून अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि 2017 ला थेट सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या भारतीय संघात. निकाल? तीन मॅच, तीन हार, गोल फक्त एक, तोही जॅक्सन सिंगचा. पण महिन्या-दीड महिन्यात हीच पोरं इंडियन ॲरोज म्हणून आय-लीगमध्ये उतरली आणि पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला 3-0 ने हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

मग तो सुनील छेत्री का नाही झाला? माझं मत सांगतो. आपले क्लब गोल करायचं काम परदेशी माणसाला देतात. पुढे जमशेदपूर करून अनिकेत हैदराबादला गेला. 2021-22 च्या सीझनला मैदानात चारच परदेशी चालायचे, पण त्यातला एक बार्थोलोम्यू ओगबेचे. त्याने 18 गोल मारले, गोल्डन बूट घेतला. आता प्रशिक्षक मधली जागा कुणाला देणार? भारतीय फॉरवर्ड सरकतो विंगवर. तिथे धावायचं, क्रॉस द्यायचा, मागे येऊन बचावही करायचा. स्कोअरकार्डवर नाव दुसऱ्याचं. लोक स्कोअरकार्ड बघतात, धाव कोण मोजतं?

हैदराबादने त्या वर्षी आयएसएल जिंकली, पेनल्टीवर, केरला ब्लास्टर्सला हरवून. त्याच मार्चमध्ये अनिकेतला सीनियर संघाचं बोलावणं आलं, बहारीन आणि बेलारूसविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी. बेलारूसची लोकसंख्या एक कोटीसुद्धा नाही, आपल्या मुंबईपेक्षा कमी. त्यांनी आपल्याला 3-0 ने हरवलं. तिथे मधला फॉरवर्ड त्यांच्याच लीगमध्ये घडतो. आपला घडायच्या वयात विंगवर असतो.

हे सगळं मामाच्या पोराला बांधावर बसून सांगितलं. त्याने ऐकलं, चप्पल काढून ठेवली आणि विचारलं, "क्रॉस डाव्या पायाने कसा मारतात?"

मला येत नाही. यूट्यूब लावलं, रेंज गेली.