हॉक संधिशोथ, घोड्यातील
घोड्याच्या मागील पायातील हॉक या सांध्याच्या कूर्चेची झीज होऊन उद्भवणारा दीर्घकालीन विकार. हॉक हा माणसाच्या घोट्याशी समतुल्य असून नडगीचे हाड, घोट्यातील सहा हाडे व खालचे नळीचे हाड यांच्या दरम्यान एकावर एक अशी चार सांध्यांची त्याची रचना असते. पायाची बहुतेक हालचाल सर्वांत वरच्या सांध्यात होते. खालच्या दोन सांध्यांत हालचाल अत्यल्प असली, तरी दाब व पीळ त्यांवर पडतो. त्यामुळे हा विकार मुख्यत्वे तेथेच आढळतो.

कारणे : पायाची सदोष ठेवण, खुरांची असमतोल छाटणी, अतिभार आणि कठीण वा उताराच्या वाटेवरील काम ही प्रमुख कारणे होत. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये प्रकाशात आणलेल्या व आता रायगड जिल्ह्यात असलेल्या माथेरानचे उदाहरण येथे बोलके आहे. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील नेरळहून तेथे जाता येते. पर्यटकांच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्याने घोडा हे तेथील महत्त्वाचे वाहन आहे. सुट्यांच्या दिवशी चढउतारांवर सतत फेऱ्या व एरवी बांधून ठेवणे, असे विषम काम सांध्यास अपायकारक ठरते.

लक्षणे व निदान : घोडा प्रारंभी ताठर चालतो व अंग तापल्यावर मोकळा होतो. पाऊल आखूड पडते, खुराचे टोक घासले जाऊन नाल पुढील बाजूस झिजते आणि उतार उतरण्यास तो नाखूष असतो. दोन्ही पाय बाधित असल्यास लंगडणे सहज लक्षात येत नाही व घोडा आळशी वा हट्टी ठरविला जातो. पाय सुमारे एक मिनिट दुमडून धरून लगेच दुडक्या चालीने चालविल्यास लंगडणे वाढते. सांधा बधिर करून व क्ष-किरण चित्रण करून निदान निश्चित करतात.

उपचार व व्यवस्थापन : झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, वेदना कमी करून घोडा कार्यक्षम ठेवणे हे उपचाराचे उद्दिष्ट असते. पूर्ण विश्रांतीपेक्षा नियमित, हलके व सपाट जमिनीवरील चालणे हितकर असते. वजन आटोक्यात ठेवावे, स्वाराचा भार मर्यादित असावा आणि कुशल नालबंदाकडून दर ६ ते ८ आठवड्यांनी खुरांची छाटणी करून घ्यावी. फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक उपयुक्त असले, तरी दीर्घकाळ दिल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांस इजा पोहोचते. डायक्लोफिनॅक या औषधाच्या पशूंसाठीच्या वापरावर, मृत जनावरे खाणाऱ्या गिधाडांना ते घातक ठरल्याने, भारतात २००६ मध्ये बंदी आली. सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइडे टोचल्याने काही महिने आराम पडतो. मात्र ती केवळ पशुवैद्यानेच द्यावीत. खालचे सांधे कालांतराने आपोआप सांधले जाऊन वेदना थांबू शकतात; काही वेळा शस्त्रक्रियेने ते सांधतात.

वेदनाशामक देऊन घोड्यास पूर्ववत कामास जुंपणे घातक असते; कारण वेदना थांबली तरी झीज चालूच राहते. विकार लवकर ओळखून काम वेळीच कमी केल्यास घोडा अनेक वर्षे हलक्या सवारीस उपयोगी पडतो व त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाची उपजीविकाही टिकते.