कार्ल्याचे चैत्यगृह आणि कॅमेऱ्याचा संयम

शैक्षणिक सहलीहून परतल्यावर विद्यार्थी आम्हांस कार्ल्याच्या चैत्यगृहाची छायाचित्रे दाखवितात. बहुतेकांत जवळचे स्तंभ फ्लॅशने पांढरेफटक झालेले असतात आणि स्तूप अंधारात बुडालेला असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. सुमारे १२४ फूट लांबीच्या दालनात तो बिचारा फ्लॅश काय करणार? शिवाय पश्चिमाभिमुख गवाक्षातून स्तूपावर उतरणारा मंद उजेड हेच तर शिल्पींचे कौशल्य, आणि फ्लॅश नेमके तेच पुसून टाकतो. अजिंठ्यास चित्रांच्या रंगांना इजा पोहोचू नये म्हणून त्यास बंदीच आहे.

उपाय एकच: कॅमेऱ्याचे दार अधिक काळ उघडे ठेवणे. संवेदकाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढविली की चित्रात कण उमटतात. म्हणून ती १०० इतकीच ठेवावी. आधी आयएसओ ३२०० वर चाचणी घ्यावी. अर्ध्या सेकंदात चित्र समाधानकारक आले, तर तेच छिद्र ठेवून १०० वर बत्तीसपट, म्हणजे १६ सेकंद लागतील. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही. तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. नसल्यास दप्तरावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. दीर्घ चित्रणानंतर काही कॅमेरे तितकाच वेळ दार मिटून दुसरे, काळे चित्र घेतात आणि त्यातील दोष पहिल्यातून वजा करतात. कॅमेरा बिघडला असे समजून तो बंद करू नये!

या पद्धतीत चालती माणसे पुसट होतात, पुरेसा वेळ दिल्यास नाहीशीही होतात. १८३८ साली दागेर याने पॅरिसच्या रहदारीच्या रस्त्याचे चित्र काही मिनिटे घेतले, तेव्हा गाडीघोडी सारी लोपली. उरला तो जोडे साफ करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी, काहीसा अस्पष्ट, तो जोडे साफ करणारा. मानवाकृती असलेले हे ज्ञात असे सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. त्या श्रमिकाचे नाव कोणी नोंदविले नाही.

कार्ल्यास मात्र नोंद आहे. प्रवेशद्वाराजवळील शिलालेखांत धेनुकाकटचा गंधिक सिंहदत्त आणि तेथलाच सामी नावाचा सुतार यांची नावे कोरली आहेत. ती टिपताना सोबत्याने विजेरी बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरावी. समोरून धरल्यास अक्षरांच्या खाचांत सावली पडत नाही आणि लेख वाचता येत नाही.