आशिया नावाचा लघुग्रह

उन्हाळ्यातील निरभ्र रात्री नागपूर शहराबाहेरच्या एखाद्या मोकळ्या माळावर उभे राहून वर पाहिले, तर असंख्य तारे लुकलुकताना दिसतात. या ताऱ्यांची एकमेकांतील अंतरे बदलताना दिसत नाहीत. आज त्यांची जी आकृती आपण पाहतो, तीच आपल्या आजोबांनीही लहानपणी पाहिलेली असते. ग्रहांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते ताऱ्यांमधून हळूहळू सरकत असतात. म्हणून आकाशातील एखादा बिंदू तारा आहे की ग्रह, हे त्याच्या चालीवरून ओळखावे लागते.

अशाच एका उन्हाळ्यात, १७ एप्रिल १८६१ रोजी, मद्रास म्हणजे आजच्या चेन्नई येथील वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदांनी एक नवा लघुग्रह शोधून काढला. पॉगसन त्याच वर्षी या वेधशाळेचे प्रमुख म्हणून भारतात आले होते. त्यापूर्वी ऑक्सफर्ड येथे त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते.

त्या काळी छायाचित्रे घेऊन लघुग्रह शोधण्याची रीत नव्हती. ज्योतिर्विद आकाशाच्या एका लहानशा भागातील ताऱ्यांचा नकाशा जवळ ठेवीत आणि दुर्बिणीतून दिसणारा प्रत्येक बिंदू त्याच्याशी ताडून पाहत. नकाशात नसलेला बिंदू आढळला, की त्याची जागा टिपून ठेवीत. पुढे तो शेजारच्या ताऱ्यांपासून सरकलेला दिसला, की त्याच्याविषयीची शंका फिटू लागे.

परंतु एवढ्याने काम संपत नसे. सापडलेला ग्रह पुन्हा हरवण्याचे भय असे. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पियाझी यांना सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला. पण काही आठवड्यांनी तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. तेव्हा गाउस या २४ वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने पियाझींनी घेतलेल्या मोजक्या वेधांवरून त्याचा मार्ग काढला. त्या गणिताच्या आधारे वर्षाच्या अखेरीस सेरेस पुन्हा सापडला. डोळ्यांनी जे शोधले, ते गणिताने राखले.

पॉगसन यांचा लघुग्रह आशिया खंडातून शोधला गेलेला पहिलाच होता. म्हणून त्यांनी त्याला ‘आशिया’ हे नाव दिले. ग्रीक पुराणातही या नावाची एक देवता आहे. लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक ६७ आहे. त्याचा व्यास सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नागपूर ते भंडारा एवढा आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये लघुग्रहांचा जो विस्तीर्ण पट्टा आहे, त्यात आशिया फिरतो. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. आशियाचे सरासरी अंतर सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. त्याची कक्षा दीर्घवर्तुळाकार असल्यामुळे हे अंतर सारखे राहत नाही. तो सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा ते साडेएकोणतीस कोटी किलोमीटरांच्या आसपास असते, तर सर्वांत दूर जातो तेव्हा ४३ कोटींच्या जवळ पोहोचते. सूर्याजवळ असताना त्याची गती वाढते, दूर गेल्यावर ती मंदावते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा सुमारे ६ अंशांनी कललेली आहे. एका प्रदक्षिणेस त्याला सुमारे पावणेचार वर्षे लागतात.

शोध लागल्यापासून आशियाने सूर्याभोवती चाळीसहून अधिक प्रदक्षिणा पूर्ण केल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तरीही साधारणतः दर सोळा महिन्यांनी पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते, तेव्हा गणिताने सांगितलेल्या जागी दुर्बीण रोखावी, आणि आशिया तेथे हजर असावा! शोधणाऱ्याची चिकाटी आणि गणित करणाऱ्याची अचूकता यांची ही साक्ष आहे.