चुंबे: एका पर्यावरणस्नेही लॉजचा जमाखर्च

झांझिबार शहराच्या नैर्ऋत्येला बारा-तेरा किलोमीटरवर चुंबे हे सुमारे २२ हेक्टरांचे बेट आहे. जमीन म्हणजे जुन्या प्रवाळाचा खडक. विहीर नाही, झरा नाही आणि वस्तीही कधी फारशी नव्हती. इंग्रजांनी १९०४मध्ये बांधलेले दीपगृह, दिवा सांभाळणाऱ्याचे पडके घर आणि भारतीय घडणीची एक छोटी मशीद एवढीच लॉजआधीची माणसाची खूण. बेटाच्या पश्चिमेला मात्र उथळ पाण्यात पूर्व आफ्रिकेतील सर्वांत समृद्ध प्रवाळभित्तींपैकी एक पसरली आहे. टणक प्रवाळाच्या सुमारे २०० आणि माशांच्या ४००च्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत.

हे प्रवाळ टिकले ते कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. जवळच लष्करी हद्द होती, दार-एस-सलामकडे जाणाऱ्या जहाजांची वाट पश्चिमेकडूनच जात होती, त्यामुळे लहान होड्यांना तिथे नांगर टाकायची मुभा नव्हती. टांझानियाच्या इतर किनाऱ्यांवर याच काळात सुरुंग लावून मासे मारले जात होते. काठ्यांनी प्रवाळ झोडपून मासे जाळ्यात हाकलण्याची ‘किगुमी’ ही पद्धतही चालू होती. चुंबे या दोन्हींतून सुटले, पण कागदोपत्री त्याला कसलेही संरक्षण नव्हते.

सिबिले रीडमिलर ही जर्मन बाई १९९०च्या सुमारास इथे पोहोचली. विकसनशील देशांतील शिक्षणाच्या मदत प्रकल्पांत तिने अनेक वर्षे काम केले होते, शिडाच्या बोटीतून फिरण्याचा तिला नाद होता आणि शाळकरी मुलांना समुद्र शिकवता येईल असे एखादे प्रवाळ ती शोधत होती. झांझिबारच्या शालेय अभ्यासक्रमात प्रवाळाला जवळजवळ जागाच नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर मासेमारी करणाऱ्यांनाही ते निर्जीव दगडच वाटत. हॉटेल काढणे हा तिचा मूळ बेत नव्हता. बेट सांभाळायला पैसा लागणार आणि सरकारकडे तो नाही, म्हणून पाहुणे ठेवायचे आणि त्यांच्या भाड्यातून राखण व शाळेचा खर्च काढायचा, असे गणित तिने मांडले. त्यासाठी चुंबे आयलंड कोरल पार्क ही कंपनी १९९२मध्ये स्थापन झाली. पश्चिमेकडची प्रवाळभित्त २४ डिसेंबर १९९४ रोजी राखीव जाहीर झाली. बेटावरचे जंगलही राखीव झाले आणि दोन्हींची व्यवस्था कंपनीकडे आली. खासगी व्यवस्थापनाखालचे सागरी अभयारण्य हा तेव्हा जगातही नवा प्रकार होता.

पुढची कथा रीडमिलरने २०००मध्ये प्रवाळांच्या अर्थकारणावरील एका निबंधसंग्रहात स्वतःच लिहून ठेवली आहे. हा निबंध अर्धा अहवाल आहे, अर्धी फिर्याद. जमीन, मासेमारी, वने, पर्यटन, वित्त अशा वेगवेगळ्या खात्यांच्या उंबरठ्यांवर प्रकल्प कसा अडत गेला, वर्षभराचे बांधकाम चार वर्षे कसे रेंगाळले आणि त्यापायी खर्च कसा फुगला, हे तिने हातचे न राखता सांगितले आहे. एकूण गुंतवणूक सुमारे १२ लाख डॉलर. त्यातली साधारण निम्मी तिच्या पदरची. अभ्यागत केंद्र, जैविक पाहणी, गस्तीच्या बोटी अशा न कमावणाऱ्या कामांसाठी दहापेक्षा जास्त संस्थांकडून थोडेथोडे अनुदान आले. शिवाय ३०पेक्षा जास्त स्वयंसेवकांनी एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत इथे काम केले. सरकारी बाजूला या निबंधात स्वतःचा आवाज नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. राजवट नुकतीच खासगी गुंतवणुकीकडे वळली होती आणि एका परदेशी कंपनीच्या हाती अख्खे बेट सोपवताना कारकुनांनी हात आखडता घेतला, तर तो सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. तरीही खर्चाची अशी उघड मांडणी पर्यावरणाच्या नावाने चालणारी फार थोडी हॉटेले करतात.

या स्वयंसेवकांची जात आजच्या ‘पैसे भरा आणि आठवडाभर कासवे वाचवा’ छापाच्या सहलींहून वेगळी होती. त्यांत वास्तुविशारद होते, सागरी जीवशास्त्रज्ञ होते, शिक्षक होते. जंगल आणि प्रवाळ यांची पहिली मोजदाद त्यांनी केली, पायवाटा आखल्या आणि स्थानिक माणसांना इंग्रजी व पाण्याखालची निरीक्षणे शिकवली. बेटाला धक्का नाही. तो बांधायचा तर प्रवाळ फोडावे लागले असते. त्यामुळे सामान होडीने आणून भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत उथळ पाण्यातून किनाऱ्यावर वाहून न्यावे लागे. गोडे पाणीसुद्धा बाहेरूनच येई.

पाण्याच्या या अडचणीतूनच सात बंगल्यांचा आराखडा घडला. १९९८मध्ये लॉज पाहुण्यांसाठी खुला झाला तेव्हा प्रत्येक बंगला हीच एक स्वतंत्र पाणीयोजना होती. नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेले मोठे उतरते छप्पर पावसाळ्यात पाणी झेलते. ते वाळू-खडीतून गाळून जमिनीखालच्या टाकीत साठते, हातपंपाने वर चढवले जाते आणि उन्हावर तापून न्हाणीत येते. न्हाणीचे सांडपाणी समुद्राकडे न जाता झाडे लावलेल्या वाफ्यात मुरते, कारण साबण आणि खतासारख्या द्रव्यांनी शेवाळ माजले की प्रवाळ गुदमरते. संडासाला पाणीच नाही. वापर झाल्यावर वरून पालापाचोळ्याचे ओंजळभर मिश्रण टाकायचे. खालच्या कोठीत त्याचे कालांतराने खत होते आणि उंच नळीतून वारा दुर्गंधी ओढून नेतो. दिवे सौरविजेवर. पंखा नाही, वातानुकूलन नाही. समुद्राकडची बाजू उघडी ठेवून वाऱ्याची सोय केली आहे. ‘इको’ हा शब्द आता कुठल्याही पाटीवर लागतो. पण हॉटेलची परीक्षा पाटीवर होत नाही, मोरीचे पाणी कुठे जाते यावर होते. चुंबे त्यात उत्तीर्ण होते.

प्रवाळाची खरी राखण मात्र बांधकामाने झाली नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या गावांतले मासेमार प्रकल्पाच्या सुरुवातीलाच रक्षक म्हणून नेमले गेले. त्यांच्याकडे शस्त्र नसते. राखीव हद्दीत होडी शिरली की ते आपली होडी तिच्याजवळ नेतात आणि बोलतात: इथे मासे वाढतात, वाढलेले मासे हद्दीबाहेर येतात आणि तुमच्याच जाळ्यात सापडतात. समोरचा माणूस बहुधा ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही. असा प्रत्येक प्रसंग नोंदवहीत लिहिला जातो. किनाऱ्यावर बचावाची दुसरी सोय नसताना संकटात सापडलेल्या होड्यांना याच रक्षकांनी मदत केली आणि त्या मदतीने उपदेशापेक्षा जास्त काम केले. हद्द पाळण्यामागे कायद्याच्या भीतीपेक्षा ही देवघेव आहे. बंदूक घेतलेला पहारेकरी हे साधू शकला नसता.

जमिनीवरही कामे झाली. काळ्या उंदरांचे १९९७मध्ये निर्मूलन झाले. उंगुजा या मुख्य बेटावर शिकार आणि जंगलतोड यांमुळे घटत चाललेली एडर्स डायकर ही छोटी हरणासारखी जात इथे आणून सोडली गेली. झाडावर चढणारा आणि नारळ फोडण्याइतकी ताकद नांग्यांत असणारा नारळखेकडा इतरत्र खाण्यासाठी पकडला जातो. चुंबेच्या जंगलात तो रात्री निर्धास्त फिरतो.

मूळ हेतू असलेली शाळाही सुरू झाली. झांझिबारच्या शाळांतली मुले एका दिवसासाठी फुकट आणली जातात, तरंगायचे जाकीट घालून पाण्यात उतरतात आणि प्रवाळ वरून पाहतात. समुद्रकाठी वाढलेल्या अनेक मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पोहता येत नसते. फळ्यावरच्या पाठांतराची सवय असलेल्या शिक्षकांनाही या सहली नव्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०००मध्ये प्रकल्पाला ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला.

या व्यवस्थेची नाजूक बाजूही उघड आहे. एका वेळी जेमतेम दीड डझन पाहुणे, म्हणून भाडे चढे. तिथे राहणे सामान्य झांझिबारी माणसाच्या आवाक्यातले नाही. पाहुणे आटले की राखणीचा पैसाही आटतो. २००१च्या जानेवारीत निवडणुकीच्या वादातून झालेला हिंसाचार, त्याच वर्षी अमेरिकेवरचा हल्ला आणि २०२०ची महासाथ या तिन्ही वेळी झांझिबारच्या पर्यटनाला फटका बसला. समुद्र तापण्यावर तर रक्षकांचे काहीच चालत नाही. १९९८ आणि २०१६मध्ये हिंदी महासागरात प्रवाळ पांढरे पडले, त्यातून चुंबेही सुटले नाही. मात्र मासे शाबूत, सांडपाणी नाही, नांगरांचे घाव नाहीत, अशा प्रवाळाला सावरण्याची संधी अधिक मिळते. स्थानिक राखणीने साधण्यासारखे आहे ते इतकेच, आणि ते कमी नाही.

स्वयंसेवेचा हिशोबही इथेच लागतो. वास्तुविशारद घरे उभी करून परतले, जीवशास्त्रज्ञांनी मोजणी शिकवून काढता पाय घेतला. आज प्रवाळाची पाहणी करणारे, मुलांना पाण्यात उतरवणारे आणि पाहुण्यांना पायवाटांवरून नेणारे बहुतेक जण टांझानियाचे आहेत, त्यांतले बरेचसे आसपासच्या गावांतले. बेटावर परदेशी स्वयंसेवक किती आले, यापेक्षा त्यांच्या जाण्याने कोणते काम अडले नाही, हा चुंबेच्या यशाचा अधिक खरा पुरावा आहे.