समुद्राच्या तळाखालची खाण

डोक्यावर जेमतेम नऊ फूट जाडीचा खडक आणि त्याच्यावर सबंध अटलांटिक महासागर! अशा जागी माणसं खडक फोडत होती, यावर विश्वास बसतो का? पण ही जागा खरीखुरी आहे, बरं का. इंग्लंडचा नकाशा उघडा. खाली डावीकडे एक निमुळतं टोक समुद्रात घुसलेलं दिसेल. ते कॉर्नवॉल. त्याच्याही पार शेवटाला, सेंट जस्ट गावाजवळ, बोटॅलक, लेव्हंट आणि जीवर या जुन्या खाणी समुद्रकड्यावर जवळजवळ आहेत.

एकोणिसाव्या शतकात विल्यम जॉरी हेनवुड नावाचे भूवैज्ञानिक बोटॅलकजवळच्या एका खाणीत उतरले होते. वर वादळ चाललं होतं. समुद्राच्या तळावरचे धोंडे लाटांबरोबर गडगडत होते. तो आवाज खाली इतका भयंकर घुमत होता, की हे छत टिकेल ना, अशी शंका येऊन सगळे एकापेक्षा जास्त वेळा घाबरून मागे फिरले. हेनवुड यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

एवढा जीव धोक्यात घालायचा तो कशासाठी? तांब्यासाठी आणि कथलासाठी. कथील म्हणजे आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना ज्याची कल्हई करतात तो धातू. तांब्यात कथील मिसळलं की कांसं तयार होतं. कॉर्नवॉलच्या लोकांना कथलाची ओळख हजारो वर्षांपासून होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर जगातलं सुमारे दोन-तृतीयांश तांबं याच भागातून येत होतं.

पण हे धातू तिथे आले कुठून? मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते ती हीच गोष्ट, आणि तिची नायिका आहे एक साधी भेग.

फार फार पूर्वी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखल साचत होता आणि मधूनमधून लाव्हाही बाहेर पडत होता. मग दोन भूखंड सरकत सरकत एकमेकांवर आदळले. मधला समुद्र मिटला, तळाचा चिखल दाबला जाऊन कठीण खडक झाला आणि डोंगर उभे राहिले. जमिनीच्या पोटात खोलवर खडक वितळले. तो वितळलेला रस वर चढू लागला, पण पृष्ठभागापर्यंत पोहोचलाच नाही. वाटेतच, काही किलोमीटर खोलीवर अडकला आणि हळूहळू निवत गेला. ही गोष्ट साधारण 27-28 कोटी वर्षांपूर्वीची.

हळूहळू निवण्याला फार महत्त्व आहे. खडीसाखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला तरच मोठे खडे धरतात ना, तसंच इथे झालं. या रसाचा ग्रॅनाइट झाला, आणि लँड्स एंड या टोकाच्या कड्यांवर त्यातले फेल्स्पार या खनिजाचे पांढरट स्फटिक काही ठिकाणी चक्क बोटाएवढे लांब दिसतात.

निवताना ग्रॅनाइट आकसला आणि त्याला भेगा पडल्या. भोवतीच्या जुन्या खडकालाही पडल्या. खालून कढत पाणी या भेगांमधून वर सरकू लागलं. किती कढत? शेकडो अंश सेल्सिअस! एवढ्या खोलीवर दाब इतका प्रचंड असतो, की पाण्याची वाफ होत नाही. त्या पाण्यात धातू विरघळलेले होते. पाणी जसजसं थंड होत गेलं, तसतसा एकेक धातू भेगेच्या भिंतींवर बसत गेला. जास्त उष्ण जागी कथील, त्याच्या वर, थोड्या गार जागी तांबं. पुढे कोट्यवधी वर्षांत वरचे डोंगर झिजून गेले आणि या धातूभरल्या भेगा, म्हणजे खनिजांच्या शिरा, उघड्या पडल्या.

हा क्रम कळायला माणसांना वेळ लागला. तांबं संपलं, आता खाण बंद, असं वाटत असताना कोणीतरी आणखी खोल खणायचं, आणि खाली कथील सापडायचं!

आता समुद्राकडे बघू. लाटांनाही भेगच हवी असते. अखंड खडकापुढे त्यांचं फारसं चालत नाही, पण भेगेत शिरून त्या ती रुंद करत जातात. म्हणून या किनाऱ्यावर जागोजागी उभ्या, अरुंद, काळोख्या घळी आहेत. तिथले लोक त्यांना ‘झॉन’ म्हणतात. काही झॉन नेमके खनिजाच्या शिरेवरच आहेत. म्हणजे समुद्राने कडा कापून आतली शीर जणू दाखवूनच ठेवली होती. लोखंडामुळे कड्यावर तांबूस डाग पडतात आणि तांब्यामुळे हिरवे ओघळ उतरतात. न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट पुटं चढतात ना, तोच हा प्रकार. बोटॅलकला तर तांबं आणि क्लोरीन असलेलं एक हिरवट-निळं खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं, म्हणून त्याचं नाव बोटॅलकाइट! जुन्या खाणकामगारांना हे रंग वाचता यायचे. ते शीर शोधायचे आणि तिचा माग काढत आत शिरायचे. शीर समुद्राखाली गेली की तेही समुद्राखाली. लेव्हंटचे बोगदे किनाऱ्यापासून दीड किलोमीटरहून दूर, तळाखाली गेलेले आहेत. उजेड किती? टोपीवर ओल्या मातीचा गोळा थापून त्यात खोचलेल्या मेणबत्तीएवढा.

बोटॅलकच्या कड्यावर, अगदी लाटांच्या डोक्यावर, दगडी इंजिनघरांची एक जोडी आजही उभी आहे. एवढ्या अडचणीच्या जागी ती का बांधली असतील? इलाजच नव्हता. खाणीत सतत पाणी झिरपायचं, ते उपसायला वाफेचं इंजिन लागायचं, आणि ते खाणीच्या तोंडाशीच असावं लागायचं. इंजिनाची कित्येक टन वजनाची लोखंडी तुळई सी-सॉसारखी वर-खाली हलायची. तिचं एक टोक घराच्या आत असायचं, दुसरं बाहेर. सगळा भार पेलायला एक भिंत मुद्दाम खूप जाड बांधायचे. छपरं कधीच उडून गेली, तरी त्या भिंती वादळांना पुरून उरल्या आहेत.

बोटॅलकमध्ये सोमलसुद्धा काढायचे. सोमल म्हणजे जहाल विष! खनिज भाजून त्याचा धूर नागमोडी दालनांतून फिरवला, की भिंतींवर सोमलाची पांढरी भुकटी जमायची. ती खरवडणारे कामगार तोंडाला माती फासायचे आणि नाकपुड्यांत कापूस कोंबायचे. संरक्षण म्हणून एवढंच. वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

लेव्हंट सुमारे सहाशे मीटर खोल होती. रोज शिड्यांवरून चढायचं-उतरायचं म्हणजे दमछाकच! म्हणून तिथे एक अजब यंत्र बसवलं. विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यात एक लांबच लांब दांडा इंजिनावर साडेतीन मीटर वर जायचा, तेवढाच खाली यायचा. दांड्याला पायऱ्या आणि खड्ड्याच्या कडेला छोटे ओटे. वर यायचं असेल, तर पायरीवर उभं राहायचं. दांडा वर गेला की बाजूच्या ओट्यावर उतरायचं. दांडा खाली येऊन पुन्हा वर निघाला की पुढची पायरी धरायची. असं करत करत माणसं उजेडात यायची. पण 20 ऑक्टोबर 1919 रोजी कामाची पाळी संपवून शंभराहून अधिक माणसं या दांड्यावरून वर येत असताना त्याचा वरचा जोड तुटला. 31 जण गेले. ते यंत्र पुन्हा कधी बसवलं नाही, आणि 1930 मध्ये लेव्हंट बंद झाली.

पुढे शेजारच्या जीवरला लेव्हंटचे जुने बोगदे हवे होते, तर कळलं की तिथे समुद्राच्या तळालाच भोक पडलंय! 1960च्या दशकात ते बुजवलं, मगच पाणी उपसता आलं.

त्याच्या खूप आधी, तांब्याचे भाव 1860च्या दशकात कोसळले, तेव्हा हजारो कामगार देश सोडून गेले होते. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, जिथे खोल खाण तिथे ते पोहोचले. आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही कॉर्नवॉलचे खाणकामगार होते.

2006 मध्ये युनेस्कोने हा सगळा खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. जीवरची खाण 1990 मध्ये बंद पडली. आता तिथे संग्रहालय आहे. लेव्हंटचं खनिज वर ओढणारं 1840चं इंजिन लोकांनी भंगारात जाऊ दिलं नाही, ते दुरुस्त केलं आणि पुन्हा वाफेवर चालवलं. आणि कथलाची गरज अजून संपलेली नाही. मोबाइल, संगणक, दूरदर्शन यांचे बारीक भाग एकमेकांना जोडायला जे सोल्डर लागतं, त्यात कथील असतं. म्हणून कॉर्नवॉलमधलीच, पण किनाऱ्यापासून आत असलेली साउथ क्रॉफ्टी ही 1998 मध्ये बंद झालेली खाण पुन्हा सुरू करायची खटपट चालू आहे. तिथे 2023 मध्ये पंप लागले आणि खाणीत भरलेलं पाणी उपसायला सुरुवात झाली.