श्रीपुरुषाचं मण्णे आणि पुणे

बंगळुरूचा इतिहास केंपेगौडापासून सांगायची सवय आपण सोडायला हवी. त्याच्या आठशे वर्षं आधी इथे पश्चिम गंग घराण्यातल्या श्रीपुरुषाची सत्ता होती (सुमारे इ.स. ७२६–७८८). त्याच्या काळातला, साधारण ७५० चा वीरगळ हेब्बाळमध्ये आहे. लढाईत पडलेल्या कित्तय्याचा हा दगड. तलवार उगारलेल्या त्या आकृतीभोवती जुन्या कन्नडच्या ओळी कोरल्या आहेत.

श्रीपुरुषाची राजधानी मान्यपूर, म्हणजे नेलमंगल तालुक्यातलं आजचं मण्णे. राष्ट्रकूट कृष्ण पहिला गंगांवर चालून आला तेव्हा त्याची छावणी इथेच पडली. तिथूनच ७६८ मध्ये त्याने एक दानपत्र दिलं. ते ताम्रपट सापडले पुणे जिल्ह्यातल्या तळेगावात आणि त्यांत ‘पुनक विषय’ या प्रदेशाचं नाव आहे, म्हणजे पुण्याचा अगदी जुना उल्लेख! पुणेकरांनी एकदा तरी मण्णेला जावं, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाच्या या स्वारीनंतरही श्रीपुरुषाचं राज्य हातचं गेलं नाही. श्रीपुरुषाने हत्तींवर ‘गजशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथही लिहिला. पुढे याच घराण्याचा मंत्री चावुंडराय याने श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर घडवला. त्या मूर्तीच्या पायाशी त्याचं नाव मराठीतही कोरलेलं आहे.